वळण

मराठीतील 'वळण' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, आणि घरातील मुलांना वळण लावावयाचे असते. पहिल्या दोन वळणांविषयी वादाला फारशी जागा नाही. तिसऱ्याचा विचार करू लागले म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो, की एका जिवाने दुसऱ्या जिवाला आपल्या मनाजोगे वाकवावे हा अधिकार त्यास कोणी दिला, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोणती? हा प्रश्न मजपुढे एखाद्या ग्रंथातून आला नाही. तो एका कुंडीतून आला.

चिंच आणि वड ही दोन महावृक्षांची नावे ज्याच्या नावात एकत्र नांदतात, त्या चिंचवडात मी राहतो. शेजारी पिंपरीस १९५४ साली प्रतिजैविक औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढे मोटारींचे कारखाने आले, आणि आज ही कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली आहे. अशा ठिकाणी मजसारख्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाने चिंच कोठे लावावी आणि वड कोठे? तेव्हा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात वामनवृक्ष पाहून आलो, आणि आपल्याही गच्चीत असा एक वृक्ष असावा असे मनाने घेतले. जुन्या मुंबई रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून जुनिपरचे एक रोप विकत आणले. आयुर्वेदातील हपुषा ती याच कुळातली. हिमालयात बर्फ आणि वारा सोसून जगणाऱ्या या जातीचे हे मूल काळ्या पिशवीत अगदी निमूट बसले होते.

या विद्येची कृती वरवर पाहता सोपी आहे. खोडाच्या तळाची माती बाजूला करून मुळांचा फुगवटा मोकळा करावयाचा, झुडपाच्या दाटीतून चार-सहा फांद्या निवडावयाच्या आणि उरलेल्या छाटावयाच्या. मग फांदीच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार तिच्याभोवती तिरकी गुंडाळून तिला हलकेच खाली वाकवावयाचे. कित्येक जण एखाद्या फांदीची साल मुद्दाम सोलून पांढरे लाकूड उघडे करतात. त्या झाडाने जे वादळ कधी सोसले नाही, त्याची खूण त्याच्या अंगावर कोरली जाते!

मी तार गुंडाळीत असता आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण त्याला विचारलंत का?"

मी हसलो खरा. परंतु उत्तर सुचले नाही. पुढे जी उत्तरे सुचली ती एकेक तपासून पाहिली. वनस्पतीला वेदना नाही, म्हणून दोषही नाही, असे कोणी म्हणेल. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी वनस्पती आघातास प्रतिसाद देतात हे यंत्रांच्या साहाय्याने दाखविले. प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे हे मान्य केले, तरी हे उत्तर फार तर झाडापुरते चालेल, माणसाला लागू करता येणार नाही. सह्याद्रीच्या कड्यावर वारादेखील झाडे वाकवितोच, असे दुसरे कोणी म्हणेल. पण वाऱ्याला विवेक नाही. ज्याला तो आहे त्याने वाऱ्याचा दाखला देऊ नये. नाशिकचा बागाईतदार द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि त्याला कोणी क्रूर म्हणत नाही, हा तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट वाटतो. परंतु त्याने सिद्ध होते ते एवढेच, की छाटणे हे स्वभावतः पाप नव्हे. ते केव्हा पाप होते, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर त्या झाडाने मरून दिले. उत्साहाच्या भरात मी एकाच दिवशी फांद्या छाटल्या, तारा गुंडाळल्या आणि मुळांभोवतीची मातीची हुंडी फोडून, मुळे कापून ते उथळ कुंडीत बसविले. सारा फेब्रुवारी ते हिरवेगार होते. आल्यागेल्याने स्तुती केली आणि मी ती स्वीकारली. मार्चच्या अखेरीस रंग किंचित मंदावला म्हणून ते रोपवाटिकेत नेले, तेव्हा तेथील माळ्याने एक डहाळी बोटांत चुरडली आणि तो म्हणाला, "सर, हे कधीच गेलंय. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं."

हे वाक्य ऐकून मी जो अस्वस्थ झालो तो केवळ झाडासाठी नव्हे. माझ्या मुलाला इतिहासाची ओढ होती. चाकणचे कारखाने दाराशी असता इतिहास कसला शिकावयाचा, असे म्हणून मी त्यास अभियांत्रिकीस घातले. तो 'नाही' म्हणाला नाही. दोन वर्षे गुण उत्तम मिळाले, आणि मुलाला चांगले वळण लागले असे मी चारचौघांत सांगत असे. तिसऱ्या वर्षी एके दिवशी कळले, की गेले दोन महिने तो सकाळी दप्तर घेऊन निघतो तो महाविद्यालयात जातच नाही. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळ पवनेच्या घाटावर दिवसभर बसून राहतो. मी त्याचा आज्ञाधारकपणा पाहत होतो आणि त्यालाच त्याची प्रकृती समजत होतो.

मग वळण लावूच नये काय? असेही मला म्हणवत नाही. काळ्या पिशवीत तसेच सोडून दिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल गोल फिरतात आणि अखेर एकमेकांनाच आवळतात. काही न करणे हेही एक प्रकारचे करणेच होय. अधिकार आहे, परंतु त्याला अटी आहेत, आणि त्या झाडाच्या स्वभावातूनच निघतात. वड छाटला तर त्याच्या बुंध्यालाही पालवी फुटते. जुनिपरच्या फांदीवरची सारी हिरवळ काढली तर ती फांदी पुन्हा फुटत नाही. म्हणून ज्याला वळवावयाचे त्याचे स्वतःचे असे काही प्रत्येक फांदीवर राखले पाहिजे. एक घाव भरून येण्याआधी दुसरा घालू नये. आणि तार साल कापू लागण्याच्या आत काढली पाहिजे. कारण ती काढून टाकण्यासाठीच घातलेली असते.

आणखी एक गोष्ट. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पाइनचा एक वामनवृक्ष आहे. १६२५ पासून त्याची जोपासना चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा तो त्याच शहरात, स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या घरी होता आणि वाचला. १९७६ साली त्या कुटुंबाने तो अमेरिकेस भेट दिला. ज्याने त्याची पहिली फांदी वळविली तो जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या. इतक्या हातांपैकी कोणता हात त्या झाडाचा मालक म्हणावा? सारे विश्वस्तच. आपल्या नजरेखाली आकार पुरा व्हावा ही घाई विश्वस्ताला शोभत नाही, आणि माझ्या दोन्ही अपराधांचे मूळ त्या घाईतच होते.

गेल्या वर्षी मी दुसरे जुनिपर आणले. या खेपेस फक्त फांद्या वळविल्या आहेत. मुळांना पुढच्या वर्षापर्यंत हात लावावयाचा नाही. चिरंजीव आता एका शाळेत इतिहास शिकवितात. परवा रविवारी ते घरी आले होते. कुंडीपाशी वाकून म्हणाले, "बाबा, ही तार इथे रुतायला लागली आहे." मी रोज पाहतो, तरी मला ते दिसले नव्हते. त्याने पक्कड मागितली, आणि तार न उलगडता तिचे बारीक तुकडे करीत ती काढली. सालीवर एक फिकट वळ राहिला आहे. तो बुजेल असे तो म्हणाला.