हातातली पाने

सुटीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघर पत्त्यांचे डाव रंगतात. बदाम सात घ्या, नाहीतर झब्बू घ्या. ज्याचा हात आधी रिकामा झाला तो सुटला. हातात पाने उरणे ही तिथे नामुष्की. याच्या नेमका उलट धर्म असलेला एक खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’, आणि तो रचणारा रिचर्ड गार्फील्ड हा गणिताचा पंडित. या खेळात हातातले पान हीच संपत्ती. तिच्या देवघेवीचा हिशेब पाहता पाहता मी एका जुन्याच प्रश्नापाशी येऊन थांबलो : माणसाने स्वतःला किती खर्चावे, आणि कशासाठी?

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येकजण निदान ६० पानांचा आपापला जोड घेऊन बसतो. आरंभी हातात ७ पाने, आणि नावावर आयुष्याचे २० गुण. त्यांना आपण प्राण म्हणू. दर पाळीला एक पान ओढायचे. काही पाने जमिनीची. त्यांतून बळ मिळते, आणि त्या बळावर प्राणी व मंत्र खेळायचे. प्रतिपक्षाचे प्राण संपले की डाव जिंकला.

आता हिशेब पाहा. मी एक मंत्र खर्चून तुमचा एक प्राणी मारला, तर फिटंफाट झाली. पण एकाच मंत्रात तुमचे दोन प्राणी गेले, तर मी एका पानाने पुढे गेलो. पुढची सारी फिटंफाट होत राहिली, तरी अखेरीस माझ्यापाशी एक पान उरेल आणि तुमच्यापाशी काहीच नाही. ब्रायन वाइसमन नावाच्या खेळाडूने १९९० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर सारा जोड बांधला. तो जोड नुसता ‘द डेक’ म्हणूनच ओळखला जातो.

पहिल्याच संचात पाच मंत्र सारख्या किमतीचे होते. एक बळ द्यायचे आणि काहीतरी तीन मिळवायचे. एकात तीन प्राण मिळत, एकात तीन पाने. कागदावर दोन्ही सौदे सारखे. पण प्राण देणाऱ्या मंत्राला फारसे कोणी विचारले नाही, आणि पाने देणारा इतका प्रबळ ठरला की जिथे तो चालतो त्या स्पर्धांतही जोडात त्याची एकच प्रत ठेवता येते. प्राण झालेली झीज भरून काढतात. पाने नवी वाट उघडतात.

१९९५ साली याच्याही पुढचे एक पान आले : ‘नेक्रोपोटन्स’. नेहमीचे पान ओढण्याचा हक्क सोडायचा, आणि आपला एकेक प्राण मोजून एकेक पान घ्यायचे. स्वतःचेच रक्त विकण्याचा हा सौदा. पण पुढच्याच वर्षी स्पर्धांतून त्याचा दरारा पसरला. खेळाडूंना उमगले, की वीसांतला शेवटचा प्राण तेवढा राखायचा. बाकीचे एकोणीस हे भांडवल आहे.

हिशेबात चूक नाही. आपणही तो रोज करतो. परीक्षेसाठी मुलगा झोप मोडतो, घराच्या हप्त्यांसाठी बाप रविवारीही कामाला जातो, आई दुखणे अंगावर काढते. याला सरसकट वेडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वीसच्या वीस प्राण कुलपात ठेवून कोणी काही मिळवलेले नाही. मात्र नुसती पाने साठवण्यातही अर्थ नाही. पाळी संपताना हातात सातांहून अधिक पाने असतील, तर जादा टाकून द्यावी लागतात, असा त्या खेळाचाच नियम आहे. भरल्या हाताने हरलेले खेळाडूही काही थोडे नाहीत.

पण खेळाडूजवळ एक कागद असतो. सतरा, नऊ, चार असे आकडे तो त्यावर उतरवत जातो. शेवटचा प्राण किती दूर आहे हे त्याला दिसते. आपल्यापाशी तो कागद नाही. आपण आज दिला तो एकोणिसातला होता की अखेरचा, हे देताना कळत नाही. शिवाय खेळात दिलेल्या प्राणाचे पान देणाऱ्याच्याच हातात येते. घरात प्राण एकाचा जातो आणि पान दुसऱ्याच्या हाती पडते. आईने अंगावर काढलेल्या दुखण्याचे पान मुलाच्या हातात असते, आणि ते कशाच्या मोलाने आले हे त्याला ठाऊकही नसते.

देणाऱ्याला ‘देऊ नकोस’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. सांगितले तरी तो ऐकणारही नाही. पण त्या खेळातली एक चाल घेण्यासारखी आहे. तिथे स्पर्धेला बसलेले खेळाडू आपल्याच नव्हे, तर समोरच्याच्याही प्राणांचा आकडा लिहून ठेवतात. ते प्रतिपक्ष असून हे करतात. आपण तर एका ताटात जेवणारी माणसे. देणाऱ्याला स्वतःचा आकडा दिसत नसेल, तर ज्यांच्या हाती पाने आली त्यांनी तो लिहून ठेवावा, आणि तो फार खाली आला की पुढचे पान नको म्हणावे.