तिसाव्या वचनाची घाई

वाचन: स्तोत्रसंहिता ६९



आजच्या वाचनात स्तोत्र ६९ आलं. हे स्तोत्र मला भराभर वाचून पुढे जाताच येत नाही. कारण आहे ऑगस्ट २०१९.

आमचं घर सांगलीत, नदीपासून दोन गल्ल्या आत. २००५ च्या महापुरात घरात गुडघाभर पाणी आलं होतं. पाणी उतरल्यावर पप्पांनी हॉलच्या भिंतीवर ऑइल पेंटने एक रेघ मारली. पुढची १४ वर्षं ती रेघ म्हणजे आमची खात्री होती. सामान रेघेच्या वर ठेवलं की झालं.

२०१९ ला कोयनेच्या खोऱ्यात पाऊस थांबेना, धरणातून विसर्ग वाढत गेला आणि कृष्णा चढू लागली. पप्पांनी पुस्तकं, आजोबांचं मोठं बायबल, आईची बाजाची पेटी असं सगळं रेघेच्या दोन हात वर रचलं आणि दोघं मिरजेला मावशीकडे गेले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघही बुडाली आणि रेघेच्या वरचं सगळंही.

मी पुण्यात होतो, सांगलीकडे जाणारे रस्ते बंद. दोघं सुखरूप आहेत कळल्यावर मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'देवाने वाचवलं. हालेलुया! सर्व गोष्टींत उपकारस्तुती करा.' खाली चार-पाच जणांचे हात जोडलेले इमोजी आले. पप्पांचं काहीच आलं नाही.

रस्ता सुरू झाला तसा पाण्याचे कॅन आणि फिनेल घेऊन घरी पोचलो. पूर टीव्हीवर दिसतो तो पाण्याचा. घरात राहतो तो गाळाचा. घोट्यापर्यंत चिकट काळा गाळ, आणि तो वास. पप्पांनी आजोबांचं बायबल उचललं तर पानांचा लगदा हातात आला. पेटीचे सूर फुगून वर आले होते. शेजारच्या काकूंची मागची भिंत पडली होती, गोठ्यातल्या दोन्ही म्हशी गेल्या होत्या. दावं सोडायलाही वेळ मिळाला नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

संध्याकाळी लाईट नव्हती. ओसरीवर मेणबत्ती लावून आम्ही कौटुंबिक प्रार्थनेला बसलो. काकू पण येऊन टेकल्या. मला वाटलं, पप्पा उपकारस्तुतीचं एखादं स्तोत्र घेतील. त्यांनी माझ्या मोबाईलवर ६९ वं काढलं आणि फक्त पहिली तीन वचनं वाचली. दावीद म्हणतो की पाणी गळ्याशी आलंय, मी खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही, हाका मारून घसा सुकलाय. एवढं वाचून पप्पा थांबले. प्रार्थना पण एका ओळीची झाली, "प्रभू, बघ."

काकू म्हणाल्या, "हे आमच्याबद्दलच लिहिलंय की हो."

रात्री मी पप्पांना विचारलं, "पुढे का नाही वाचलं? तिसाव्या वचनात स्तुती आहे ना!"

ते म्हणाले, "आहे रे. तुझा मेसेज पण खोटा नव्हता. पण तू तिसाव्या वचनावरून ओरडत होतास आणि आम्ही अजून दुसऱ्यातच होतो. आणि काकूंसमोर 'देवाने आम्हाला वाचवलं' कसं म्हणू? मग त्यांना काय सोडून दिलं का त्याने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसमध्ये तिकीट बंद करायची घाई असते ना, तसंच मी केलं होतं. आईवडिलांच्या दुःखावर एक वचन चिकटवलं आणि मोकळा झालो.

याच स्तोत्राचं विसावं वचन बघा. दावीद म्हणतो की माझ्यासोबत हळहळणारं कोणी आहे का म्हणून मी वाट पाहिली, पण कोणीच सापडलं नाही. त्या आठवड्यात पप्पांनी ग्रुपवर हेच शोधलं असेल. आणि मी हालेलुया पाठवला होता.

पण एकविसावं वचन वाचा. तहानेला आंब दिल्याचा तिथे उल्लेख आहे. योहान १९ मध्ये वधस्तंभावर हेच घडतं. ज्याने पाणी आणि कोरडी जमीन वेगळी केली, त्या प्रभूचाच घसा सुकला. म्हणजे हे स्तोत्र येशूने काठावर उभं राहून ऐकलं नाही, तो त्यात उतरला. माझ्यासाठी सुवार्ता इथे आहे. आपण गाळात असतो तेव्हा तो वरून 'स्तुती कर, मग वर ये' असं म्हणत नाही. तो आपल्या शेजारी रुतलेला असतो.

स्तुती येते, नक्की येते. पण तिसाव्या वचनाच्या आधी एकोणतिसावं आहे आणि त्यातही दावीद 'मी दीन आहे, दुःखी आहे' असंच म्हणतो. दोन वचनांच्या मध्ये परिस्थिती बदललेली नाही. आणि त्याआधी तो रडलाय, चिडलाय, शत्रूंना शापसुद्धा दिलेत. देवाने ते सगळं ऐकून घेतलं, मधेच थांबवलं नाही.

आमच्या घरी तिसावं वचन नाताळात वाचलं गेलं. तोपर्यंत काकूंची भिंत उभी राहिली होती, मंडळीतल्या मुलांनी विटा वाहिल्या होत्या. घराला रंग देताना पप्पांनी जुनी रेघ पुसली. नवी मारली नाही. त्या दिवशी पेटीशिवायच गायलो, आणि आई पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

आज तुमच्या ओळखीत कोणाची नोकरी गेली असेल, घरात कोणी गेलं असेल, तर वचनाचं स्टेटस पाठवायच्या आधी फोन करा. विचारा, आणि गप्प राहून ऐका. तो माणूस कोणत्या वचनात आहे ते कळलं की त्याच वचनात त्याच्याबरोबर बसा. आणि तुम्ही स्वतः गाळात असाल तर "प्रभू, बघ" एवढी प्रार्थना पुरेशी आहे.

प्रार्थना: प्रभू येशू, दुसऱ्याच्या दुःखावर मी घाईने झाकण घातलं, त्याची क्षमा कर. जे आज चिखलात आहेत त्यांच्याजवळ राहा, आणि मलाही तिथे बसायला शिकव. तुझ्याच नावात मागतो. आमेन.