उपदेशकाची आठवण कशी जपावी?

एखादा वृद्ध उपदेशक प्रभूमध्यें निद्रा पावला म्हणजे त्याच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें काम मंडळींतील कोणावर तरी येतें. एकदां तें मजवर आलें. ते गृहस्थ उन्हापावसांत पायीं हिंडून खेडोपाडीं सुवार्ता सांगत. परंतु ते मोठे तापट होते, आणि त्याची झळ घरच्यांस पुष्कळ लागली होती. मीं तेंही एका ओळींत लिहिलें. वडीलधाऱ्यांनीं ती ओळ गाळावयास लावली. "आपल्याच माणसाचें उणें चव्हाट्यावर कशाला? बाहेरचे लोक काय म्हणतील?" मीं ओळ गाळली, परंतु प्रश्न कांहीं मनांतून जाईना. आम्हीं त्या सेवकाचा वारसा जपला, कीं त्याची साक्ष पातळ केली?

वाचकहो, याविषयींचें एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं मुंबईस वारले. ख्रिस्ताची गोष्ट अभंग, ओवी, कीर्तन अशा देशी पात्रांतून लोकांपुढें ठेवावी, हा त्यांचा ध्यास. त्यांचीं गीतें मंडळ्या आजही गातात. एवढ्यावरच त्यांची आठवण राहिली असती तर एक देव्हाऱ्यांतली मूर्ति तेवढी आपल्या हातीं लागती. परंतु १९३४ पासून लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत टिळकांचा राग आहे, हातचा पैसा वाटून घर रितें करणें आहे, न सांगतां निघून जाणें आहे. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां पत्नी बरोबर नव्हती. पुढें कित्येक वर्षें ती माउली त्यांच्यापासून दूर राहिली, आणि १९०० सालीं तिनें स्वतः बाप्तिस्मा घेतला. यांतलें कांहींच तिनें झांकलें नाहीं. आणि टिळकांनीं अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' पुढें नेण्यास हात लावला तोही तिनेंच! तें पुस्तक वाचून टिळकांविषयींची प्रीति कमी झाली, असा मनुष्य मला तरी भेटलेला नाहीं.

पेत्रानें प्रभूस नाकारल्याची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. मंडळीचा तो एवढा मोठा पुढारी. ती गोष्ट गाळणें कठीण नव्हतें. पण ती गाळली असती तर पापी मनुष्यास क्षमा आहे हें पेत्राच्या तोंडचें सांगणें कोणास खरें वाटलें असतें? गांवचा शेतकरी अथवा मजूर निष्कलंक उपदेशकाचें चरित्र ऐकतो, मान डोलावतो, आणि 'हें आपल्यासारख्याचें काम नव्हे' म्हणून घरीं जातो. ज्याच्यासाठीं सुवार्ता, तोच दाराबाहेर!

तरी वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य नव्हतें असें मी म्हणत नाहीं. मेलेल्या मनुष्यास उत्तर देतां येत नाहीं. निंदकाच्या हातीं खरी गोष्टही काठी होते. शिवाय लक्ष्मीबाईंनीं जें सांगितलें तें स्वतः सोसलेलें होतें, आणि सोसून क्षमा केलेलें होतें. म्हणून त्यांच्या लेखणींत हंसूं आहे, डंख नाहीं. तो अधिकार त्यांचा. माझ्या एका ओळीच्या मागें तसें काय होतें? सत्याची चाड होती, हें खरें; थोडी चरित्रकाराची ऐटही असेल.

त्या उपदेशकांच्या पत्नी त्या वेळीं हयात होत्या. मंडळींत दर रविवारीं पुढच्याच रांगेंत बसत. ती ओळ लिहिण्यापूर्वीं मीं त्यांना विचारलें नाहीं, आणि गाळण्यापूर्वींही कोणीं विचारलें नाहीं.