रेडकाचा वाटा

माणसाचे बाळ रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये आईच्या पोटातूनच घेऊन येते. रेडकाला ती सोय नाही. म्हशीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त चिकावर, आणि तीही पहिल्या काही तासांच्या. दिवस उलटला की आतडे ती शोषून घेईनासे होते. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पाजावा, असे पशुवैद्य सांगतात, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. उरलेल्याचा वेलदोडा घालून खरवस करायला कुणाची ना नाही. तो उरतो का, एवढेच पाहायचे. कारण पुष्कळ गोठ्यांत रेडकू पान्हा सुटेपर्यंतच सडांना लावतात आणि मग ओढून बाजूला बांधतात. पुढे त्याला हगवण लागते, आणि दुकानातून प्रोबायोटिकची पुडी येते: लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू, थोडे यीस्ट. त्यांचा उपयोग होतो, पण सगळीकडे सारखा नाही, आणि चुकलेला चीक तर त्यातून भरून निघतच नाही.

या पुडीला आपण भूतदया म्हणतो. मला ते नाव चुकीचे वाटते. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञात गृहस्थ आपल्या अन्नातला वाटा मुक्या जिवांसाठी काढून ठेवतो. गोठ्यात नेमके उलटे चालते. तिथे आपण रेडकाच्या अन्नातला वाटा काढून घेतो आणि वर औषध देतो. घेतलेल्यातले थोडे परत करणे याला दान म्हणत नाहीत, ती ऋणाची फेड, आणि तीही अर्धीमुर्धी. यावर कुणी म्हणेल, वैरण, पेंड, लस, राखण सगळे माणसाचे, मग दूध त्याचे का नाही? त्याचे आहेच. निवडक पैदाशीने आणि खुराकाने म्हैस रेडकाच्या गरजेहून कितीतरी जास्त दूध देते, आणि त्या जास्तीवर माणसाचा हक्क मी मानतो. पण म्हैस वैरणीने दुभती होत नाही, व्यायल्याने होते. म्हणून पहिला वाटा ज्याच्यामुळे पान्हा फुटला त्याचा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हेतू कोणताही असो, रेडकू बरे झाले ना? खरे आहे, आतडे हेतू विचारत नाही. पण पुडी कुठे थांबते यावरून हेतू कळतो. पारडीला ती मिळते, कारण उद्या ती दूध देणार. रेड्याला ती मिळत नाही: त्याचे काम ट्रॅक्टरने घेतले, आणि महाराष्ट्रात 2015 साली लागू झालेल्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आली तरी रेडा त्यात नाही. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे आपण श्रद्धेने सांगतो, त्या रेड्याची जुन्नर तालुक्यात आळे इथे समाधी आहे. गोठ्यातला रेडा मात्र पुष्कळदा अर्धपोटीच मरतो. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचा, म्हणजे तिने पान्हा चोरू नये!

दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला रेड्याचा वाटा सोडणे परवडत नाही, हे म्हणणे दुधाबाबत मला खोडता येत नाही. महिनोन्‌महिने रेडा पोसण्याचा भार त्या एकट्यावर टाकणेही न्यायाचे नाही. चिकाची गोष्ट वेगळी. तो तापवला की फाटतो, म्हणून डेअरी घेत नाही. त्या दिवशी रेड्याला पाजलेल्या तीन लिटरांनी दुधाचे बिल रुपयानेही घटत नाही. घटलाच तर खरवस.