प्रोसेस सुरू करून पाठ फिरवू नका

डेमो झाला, टाळ्याही झाल्या. आता मी काय सांगतो ते कान देऊन ऐका. ‘सर, सर्व्हर बंद पडला तरी आपोआप सुरू होतो,’ असं तुम्ही परीक्षकांना छातीठोकपणे सांगितलंत. तो होत नाही. तुमची स्क्रिप्ट मी ओळ न् ओळ वाचली आहे.

क्रॉन दर पाच मिनिटांनी ती स्क्रिप्ट चालवतो. पीएसच्या यादीत ग्रेपने सर्व्हरचं नाव शोधायचं, ओळी मोजायच्या, शून्य आल्या तर सर्व्हर सुरू करायचा. पण ते नाव ग्रेपच्या स्वतःच्या कमांडमध्येही आहे! तो यादीत स्वतःलाच सापडतो आणि मोजणी शून्यावर जवळपास कधी येतच नाही. सर्व्हर मरून पडला तरी तुमच्या लेखी सगळं आलबेल. एकदा तरी तो मुद्दाम मारून पाहिलात का? चाचणी न घेता दावा करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

दुसरं. सर्व्हरचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, फाइलमध्ये लिहून ठेवलात आणि बंद करताना त्याच नंबरावर किल -९ चालवलंत. प्रोसेस गेली की तिचा नंबर मोकळा होतो आणि कर्नल तो पुढे दुसऱ्या कुणाला तरी देतो. फाइलमध्ये मात्र जुनाच आकडा. उद्या त्या नंबरावर डेटाबेस असला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शिवाय किल -९ म्हणजे सिगकिल, आणि तो कुठल्याही प्रोसेसला अडवता येत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते. आधी सिगटर्म द्या, आवरायला वेळ द्या. लिनक्सवर सेवा सांभाळणारा सिस्टमडीसुद्धा एरवी ९० सेकंद वाट पाहतो, मगच सिगकिल देतो.

सर्व्हरचं पॅरेंट प्रोसेसशी असलेलं नातं जपलं असतंत, तर हे दोन्ही घोळ टळले असते. चाइल्ड प्रोसेस संपली की कर्नल तिच्या पॅरेंटला त्याच क्षणी सिगचाइल्ड पाठवतो. पॅरेंटने वेट केलं की ती का संपली हेही कळतं, आणि तोवर तिचा पीआयडी दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. खात्रीची खबर फक्त पॅरेंटकडे असते. तुम्ही नोहप लावून टर्मिनल बंद केलंत आणि ते नातंच तोडलंत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी डीमनटूल्समध्ये नेमकं हेच नातं जपलं: सुपरवाइज स्वतः सर्व्हरचा पॅरेंट होतो आणि जागचा हलत नाही. रनिट आणि एस६ त्याच वाटेने गेले. हे सगळं फुकट उपलब्ध असताना तुम्ही वाचायचे कष्टही घेतले नाहीत.

आणि ज्यांनी सिस्टमडी वापरला त्यांनी शेखी मिरवू नये. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडलेली सेवा तो एरवी पुन्हा उठवत नाही. ती मर्यादा तुम्ही काढून टाकलीत! सेवा पडतेय, उठतेय, आणि लॉग कुणी उघडलेला नाही. पुन्हा सुरू करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. शेलमध्ये एक्झिट कोड १३७ दिसला तर त्यातून १२८ वजा करा. उरले ९, म्हणजे सिगकिल. तो कुणी दिला, मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच दिला का, हे शोधणं तुमचं काम आहे.

तुमच्या सेवेवर उद्या कुणाचा तरी पगार, कुणाचं तरी औषध अवलंबून असेल. सोमवारी माझ्यासमोर सर्व्हर मारायचा, तो का मेला हे लॉगमधून दाखवायचं, आणि तो कुणी उठवला हे सांगायचं. तोवर प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही मिळणार नाही.