पूरक गोळी आणि विवेक

शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारी, परंतु त्याला स्वतः पुरेशी तयार करता न येणारी जी सेंद्रिय द्रव्ये, त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात; त्यांची उणीव असेल तिथे ती औषधच ठरतात, मात्र मात्रा वाढवली की आरोग्यही वाढते, हा समज तपासून पाहावा लागतो. अमेरिकेत सुमारे २६ हजार प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत काहींना रोज २००० एकक ‘ड’ जीवनसत्त्व आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोग किंवा गंभीर हृदयविकार होण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही.

‘ड’ जीवनसत्त्व मेदात विरघळते, म्हणजेच जादा मात्रा लघवीवाटे सहज निघून न जाता शरीरात साठत राहते. त्यामुळे आठवड्यातून एकदा घेण्यासाठी लिहून दिलेली ६० हजार एककांची पुडी कोणी महिनोन्महिने रोज घेत राहिले, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अतितहान आणि पुढे मूत्रपिंडांना इजा संभवते. याउलट, शाकाहारी किंवा मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीत ‘ब-१२’ची खरी उणीव आढळू शकते आणि तिथे गोळी टाळणेच अहिताचे ठरते.

हा भेद रुग्णाचा आहार, वय आणि चालू औषधे ठाऊक असलेले कुटुंबाचे डॉक्टर नेमका करू शकतात. म्हणून घरातील सर्व पूरक गोळ्यांची नावे व मात्रा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवाव्यात, आणि कोणती गोळी, कशासाठी व किती दिवस, हे निःसंकोचपणे विचारावे.