मोटार का जळते, सांगा की!

पेपर मिळाले सगळ्यांना? आता पेनं खाली ठेवा आणि माझ्याकडं बघा. मागच्या बाकावरची कुजबुजही बंद.

प्रश्न साधा होता. रात्रपाळीची लाईट आली, पण व्होल्टेज 415 ऐवजी 300. विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोटार चालू केली, तर तिचं वाइंडिंग जास्त तापेल की कमी? जवळजवळ साऱ्या वर्गाचं उत्तर एकच: विभवांतर कमी, म्हणून ओहमच्या नियमानं धारा कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून मोटार सुरक्षित. शाब्बास! खाली चौकट करून ‘उत्तर’ असंही लिहिलंय.

अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार. कुठून कुठून आलात रे तुम्ही? जळालेली मोटार गाडीवर टाकून तालुक्याला भरायला कोणाकोणाच्या घरच्यांनी नेली, हात वर करा. बघा! अर्धा वर्ग. अशा कितीतरी मोटारी कमी व्होल्टेजनं जळतात, त्यात बापाचा खिसा रिकामा होतो, आणि लेक इथं बसून लिहितो, मोटार सुरक्षित!

ओहमचा नियम शेगडीच्या तारेला लावा. मोटार म्हणजे शेगडी नव्हे. बाहेरच्या वाइंडिंगमध्ये चुंबकीय क्षेत्र गरगर फिरतं, आणि त्या बदलत्या क्षेत्रामुळं आतल्या रोटरमध्ये धारा निर्माण होते. फॅरडेनं 1831 साली शोधलं ते हेच, तुम्ही दोन गुणांसाठी पाठ केलंत तेच. व्होल्टेज उतरलं की क्षेत्र दुबळं होतं आणि फिरवणारा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 300 भागिले 415, त्याचा वर्ग करा. निम्म्यावर आला ना? पण विहीर काही वर आली नाही, पाणी तितकंच उचलायचं आहे. मग रोटर मागं पडतो, क्षेत्र त्याच्या पुढं जास्त वेगानं फिरतं, रोटरमधली धारा वाढते आणि मोटार लाइनमधून जादा धारा ओढते. धारा दीडपट झाली की उष्णता सव्वादोनपट, कारण तिथं धारेचा वर्ग आहे. तारेवरचं वार्निश करपतं, आणि तो वास तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

डीपीचा फ्यूज उडाला की दोन तारा पिळून जाड करून बसवणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. ठरावीक धारेला वितळणं हेच फ्यूजचं काम. ते त्याला करू दिलं नाही, तर जळायची पाळी डीपीची, आणि मग पिकं वाळायलीत म्हणून ओरडायचं.

आता तिसरा प्रश्न. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, 5 लाख लिटर, म्हणजे नुसतं पाणीच 500 टन. इंजिन टाक्यांना जितक्या बलानं ओढतं तितक्याच बलानं टाक्या इंजिनाला मागं ओढतात, तर गाडी हलते कशी? तुम्ही लिहिलंत, ‘बलं समान असल्यानं एकमेकांना रद्द करतात.’ असं असतं तर ती गाडी अजून मिरजेत उभी असती आणि लातूर तहानलेलं! अरे, ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, रद्द कोण कोणाला करणार? इंजिनाची चाकं रुळांना मागं रेटतात, रूळ इंजिनाला पुढं रेटतात. हा रेटा टाक्यांच्या ओढीपेक्षा जास्त झाला की इंजिन पुढं सरकतं.

फ्लेमिंगच्या नियमाचं तर बोलायलाच नको. मोटारीला डावा हात, जनित्राला उजवा. परीक्षेत निम्मी पोरं मोटारीच्या प्रश्नाला उजव्या हाताची बोटं ताणून बसली होती, आणि उरलेली त्यांच्याकडं बघून.

लातूरच्या ट्यूशन एरियात जा नाहीतर नांदेडच्या भाग्यनगरात, पहाटेपासून लेकरं सूत्रं घोकायलीत. सरावाला माझा विरोध नाही, लातूर पॅटर्नचं नाव सरावानंच झालं. पण नीटमध्ये भौतिकशास्त्राला 180 गुण आहेत, आणि प्रश्नातला आकडा बदलला की तुमचं घोकलेलं कोसळतं. तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी मोजणारी, चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो प्रयोगशाळा उभी राहायली. तिथं बाहेरची माणसं येऊन मोजमाप करणार आणि तुम्ही गेटवर सेल्फी काढणार, असं ठरवलंय का?

रविवारी गावी जाल तेव्हा मोठ्या माणसाला सोबत घेऊन विहिरीवर जा. स्टार्टरवरचे व्होल्टमीटर आणि अँमीटर वाचा, मोटार सुरू होतानाचा आणि चालू असतानाचा आकडा वहीत लिहा. झाकण उघडायचं नाही, ओल्या हातानं बटण दाबायचं नाही. वीज चोरायला तारेवर आकडा टाकताना कोणी दिसला तर मला त्याच्या बापाशी बोलावं लागेल. सोमवारी पहिल्या तासाला वह्या टेबलावर पाहिजेत, आणि ज्याच्या वहीत आकडे नाहीत त्यानं दाराबाहेर उभं राहायचं.